हिच्या वजनाची हवा

४ नोव्हेंबर
ऑफिसला गेलो. बाजारातले वजनकाटे तपासले, दोन नापास. एका दुकानदाराने वाद घातला. परत आलो, जेवलो, भांडी घासली. हिची सायकल हॉलमध्ये आहे तिथेच आहे.

रात्री जेवताना दातवालीचा फोन. हिची सायकलवाली मैत्रीण. दातांची डॉक्टर आहे, पण ही तिला दातवालीच म्हणायची, माझ्याही तोंडात तेच बसलं. म्हणाली, भाऊजी, १९ जानेवारीला तिचा वाढदिवस येतोय. आम्ही सगळे खाणीच्या टेकडीवर जमणार आहोत. तिथे फळ्या ठोकून एक उंच चौथरा केलेला आहे, ग्रुपमध्ये त्याला 'गच्ची' म्हणतात. सायकलसकट तिथून खाली उडी मारायची, एवढाच त्याचा उपयोग. प्रत्येकजण तिच्या नावाने एक उडी मारणार. त्या दिवसापुरती तिची सायकल मला द्याल का? तिच्या सायकलवरून तिची उडी कोणीतरी मारायला हवी.

मी म्हणालो, मीच मारणार आहे.

 तिने विचारलं, भाऊजी, तुम्ही सायकल चालवता? म्हटलं, शाळेत असताना चालवायचो. ती म्हणाली, बरं. पेशंटला दाढ काढावी लागेल हे सांगायच्या आधी ती असंच बरं म्हणत असणार.

असं का बोललो माहीत नाही. पण बोललो. अजून भरपूर वेळ आहे. नीट प्लॅन केलं तर काही अवघड नाही.

५ नोव्हेंबर
सकाळी सायकलची पाहणी केली. फुल सस्पेन्शन, फ्रीराइड. म्हणजे कुठे जाण्यासाठी नाही, उंचावरून पडण्यासाठी. दोन्ही चाकांना शॉक, म्हणजे धक्के झेलणारे. मागचा शॉक म्हणजे सीटच्या खाली आडवी बसवलेली जाड नळी, आत नुसती हवा. बसणाऱ्याच्या वजनाप्रमाणे ती भरायची. माणूस बसला की सायकल जराशी खाली जाते आणि थांबते, त्याला सॅग म्हणतात. ही म्हणायची, सॅग म्हणजे सायकलने माणूस ओळखला. दांडीवर पांढरी चिकटपट्टी आहे, त्यावर हिच्या अक्षरात मार्करने हवेचा आकडा : १४०.

बसून पाहिलं. धप्पकन तळाला टेकली. ओळखलं नाही.

ऑफिसला उशिरा येतो असं कळवून सायकल ढकलत मेकॅनिककडे नेली. तो म्हणाला, साहेब, ही मॅडमच्या वजनाची हवा आहे. तुम्हाला दोनशेच्या वर लागेल. सोडा इथेच, आतली सगळी काढतो, सर्व्हिस करतो, संध्याकाळपर्यंत नवी भरून देतो. त्याने व्हॉल्व्हवरची टोपी फिरवायला हात पुढे केला. मी सायकल घेतली आणि घरी आलो. तो मागून विचारत होता, काय झालं साहेब, काही चुकलं का? काही चुकलं नाही त्याचं.

ती हवा हिने भरलेली आहे. जुलै संपताना, एका रविवारी, हॉलच्या फरशीवर मांडी घालून. टोपी हरवू नये म्हणून दातांत धरायची, त्यामुळे बोलली तर काही कळायचं नाही. मी पेपर वाचत होतो. काहीतरी म्हणाली. मी हं म्हटलं. नंतर ऑगस्टमध्ये ही गेली. बँकेत, नंबर यायची वाट बघताना, खुर्चीत. सायकलचा काही संबंध नव्हता. तरी भेटायला येणारा प्रत्येकजण आधी सायकलकडे बघायचा.

निर्णय : हवा बदलायची नाही. वजन बदलायचं. हिचं सत्तावन्न. माझं त्र्याऐंशी. आहारावर ताबा ठेवला की झालं.

६ नोव्हेंबर
सकाळी फक्त काकडी. दुपारी फक्त काकडी. चार वाजता ऑफिसमध्ये कोणाच्या तरी बढतीचा केक. न घेणं बरं दिसलं नसतं. दोनदा विचारलं, दोनदा घेतला.

१० नोव्हेंबर
हिच्या बॅगेत शॉकचा पंप सापडला. हाताएवढा, वर घड्याळासारखं गेज. म्हटलं, हवा जागेवर आहे ना ते तरी पाहू. मोजल्याशिवाय बोलू नये, हा आमच्या वजनमापे खात्याचा पहिला नियम आहे.

पंपाची नळी व्हॉल्व्हला फिरवून बसवली. गेज : १३१.

म्हणजे नऊ गेली. काढताना फुस्स असा आवाज झाला. खात्री करायला परत लावला : १२३. परत फुस्स.

काळजीची गोष्ट आहे. कुठेतरी गळते आहे. घाबरायचं कारण नाही, पण लक्ष ठेवायला हवं. उद्यापासून रोज सकाळी मोजणार.

१४ नोव्हेंबर
रोज मोजतो. रोज कमी. वाचलं की थंडीत हवेचा दाब उतरतो. हेच कारण. हॉलच्या खिडक्या लावून घेतल्या आणि फटींत वर्तमानपत्र कोंबलं. दार लागेल तेवढंच उघडायचं.

वजन : त्र्याऐंशी. कमी झालेलं नाही, पण वाढलेलंही नाही. म्हणजे योग्य दिशेने आहे.

१९ नोव्हेंबर
बदलून आलेल्या नव्या इन्स्पेक्टरबाईंनी आज प्रमाण वजन बोटांनी उचललं. मखमलीच्या पेटीतलं, पितळी, ज्याच्यावरून बाकी सगळी वजनं तपासतात ते. मी आवाज चढवला. सहसा चढवत नाही. म्हटलं, मॅडम, चिमटा कशासाठी दिलाय? त्याला रोज हात लावत राहिलात तर ते तेच वजन राहत नाही. त्या म्हणाल्या, सर, बोटाने असा कितीसा फरक पडणार? मी म्हटलं, एका वेळी नाही पडत, रोज थोडा थोडा पडतो, आणि पडतोय हे कळत नाही.

त्यांनी सॉरी म्हटलं. मला नंतर वाईट वाटलं. पण खात्यात कोणीतरी हे सांगायलाच हवं.

सकाळचं गेज : ८२. संध्याकाळीही मोजायला हवं. नेमकी कोणत्या वेळी गळते ते समजेल.

२४ नोव्हेंबर
ताई आली. माझी मोठी बहीण. दारातूनच म्हणाली, अरे, घर आहे का सायकलचं दुकान? पाहुण्याने बसायचं कुठे? म्हटलं, पाहुणे येत नाहीत. म्हणाली, कसे येतील, आत शिरल्याबरोबर कोंदट वास येतोय. आणि ही माती कसली फरशीवर? म्हटलं, चाकातून पडते. मग झाडत का नाहीस? म्हटलं, खाणीवरची आहे.

मग तिने जाऊन सरळ खिडकी उघडली. मी लावली. तिने उघडली. म्हटलं, ताई, थंडीने दाब कमी होतो. तिने माझं मनगट धरलं, घाबरून म्हणाली, कोणाचा, तुझा? गोळ्या घेतोस ना? म्हटलं, सायकलचा.

डबा ठेवून गेली. जाताना म्हणाली, देऊन टाक रे कोणाला तरी ती सायकल, ती बघून मला कसंतरीच होतं. डबा चार माणसांचा होता. टाकून देणं मला पटत नाही.

२ डिसेंबर
संध्याकाळी दार उघडलं आणि वाटलं, ही बसली आहे.

कोणी नव्हतं. पण सीट खाली होतं. सीटचं टोक भिंतीवरच्या स्विचबोर्डच्या खालच्या कडेला येतं. आज बोटभर खाली. सायकल तिथेच, चाकांत हवा तशीच. कोणीतरी बसल्यावर जेवढी जाते तेवढी.

सीटच्या टोकापाशी भिंतीवर पेन्सिलने खूण केली.

३ डिसेंबर
आजही. खुणेच्या जरासं खाली.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. वजनमापे खात्यात राहून ते परवडत नाही. भुताला वजन नसतं असं म्हणतात. मग सीट कशाने खाली गेलं? नुसती नोंद करून ठेवतो.

७ डिसेंबर
पोझिशनची प्रॅक्टिस सुरू केली. व्हिडिओत दाखवतात तशी : गुडघे वाकवून, कोपरं बाहेर, नजर लांब. सायकलवर चढायचं नाही, नुसती जमिनीवर. एकदा पोझिशन जमली की सायकल ही केवळ औपचारिकता आहे. खालच्या पार्किंगमध्ये दोन पायऱ्या आहेत तिथून उडी मारली. वॉचमन म्हणाला, साहेब, काही पडलंय का तुमचं? म्हटलं, नाही. तो तरी बॅटरी घेऊन शोधायला लागला. मलाही मग थोडं शोधावं लागलं.

८ डिसेंबर
उजवा घोटा सुजला आहे. उडीमुळे नाही. उतरताना नीट उतरलो होतो, नंतर बॅटरीच्या उजेडात खड्डा दिसला नाही.

१२ डिसेंबर
एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा म्हणून घरातला वजनकाटा काढला आणि सायकल त्यावर कशीबशी तोलून धरली. पंधरा किलो आणि वर थोडं. कंपनीने दिलेलं वजनही तेवढंच. म्हणजे वर कोणी बसलेलं नाही.

पण काट्यावर ठेवायला मी ती उचलली होती. तेव्हा उतरली असेल.

हे वाक्य खोडणार होतो. राहू दे, कोण वाचतंय.

१५ डिसेंबर
काट्यावर मीही उभा राहिलो. साडेचौऱ्याऐंशी. काटा पडताळायला हवा. (गेल्याच वर्षी मी स्वतः पडताळला आहे, पण काटे बिघडतात.)

२० डिसेंबर
आता घरात शिरताना चप्पल वाजवत नाही. आत येऊन हळू आवाजात आलो म्हणतो. पूर्वीही म्हणायचो. सायकलच्या समोरच्या खुर्चीत न बसता बाजूच्या खुर्चीत बसतो, म्हणजे टीव्ही अडत नाही.

आज हिची आवडती मालिका लावली. कोणाचं कोणाशी लग्न झालंय काही समजलं नाही. मधेच शॉकमधून अगदी बारीक कुर्र असा आवाज आला. ही असंच हसायची, दात न दाखवता. टीव्हीवर त्या वेळी कोणीतरी मरत होतं. म्हणजे हसणं बरोबरच, मालिकेत मेलेली माणसं परत येतात.

सीट आता चार बोटं खाली. चांगलं ऐसपैस बसल्यासारखं.

गेज : ३१. सकाळी. संध्याकाळी २९. दुपारीही मोजता आलं असतं, पण ऑफिस असतं.

२ जानेवारी
सुट्टीत घरीच असल्यामुळे नीट लक्ष ठेवता आलं. दिवसातून चार-पाचदा मोजलं. तरी उतरतंच आहे. मी होतो म्हणून निदान समजलं तरी. कोणी मोजत नसतं तर एव्हाना काय झालं असतं?

वजनाबद्दल : सगळीकडे सुट्ट्यांमध्ये वाढतंच.

९ जानेवारी
आज सीट पार खाली. सायकल मागच्या बाजूने बसली आहे, थकून आल्यावर ही सोफ्यावर बसायची तशी, बूटसुद्धा न काढता. गेजचा काटा हलला नाही. पंप बिघडला असणार. काढताना फुस्सही झालं नाही.

पहिल्यांदाच घरात कसलाच आवाज नव्हता.

दातवालीला फोन केला. म्हटलं, उडीची तयारी झाली आहे, फक्त मागचा शॉक एकदा बघून जा. ती म्हणाली, मेकॅनिक? म्हटलं, मेकॅनिक नको. तो काढून टाकतो.

१८ जानेवारी
दातवाली आली. दारातच थबकली, मला वाटतं वासामुळे. मग सायकलकडे बघून म्हणाली, अगं बाई, हिची काय अवस्था झाली! सीटवर तळहाताने दाबलं. सीट गेलं खाली आणि वर आलंच नाही. म्हणाली, भाऊजी, यात हवाच नाहीये. एक टिपूस नाही.

म्हटलं, गळते. सील गेलं असणार. तिने साबणाचं पाणी करायला सांगितलं, स्वतःच्या पंपाने थोडी हवा भरून सगळीकडे पाणी लावलं. आरसा घेऊन खालूनही पाहिलं, पेशंटचं तोंड बघतात तसं. एक बुडबुडा नाही. म्हणाली, कुठेही गळत नाही, शॉक ठणठणीत आहे. मग विचारलं, मधे कोणी हवा सोडली का? म्हटलं, कोण सोडणार? मी तर रोज मोजत होतो.

रोज?

रोज. पुढे पुढे दोनदा. सुट्टीत चार-पाचदा.

ती हसायला लागली. तोंडावर हात धरून, पण खूप. म्हणाली, अहो भाऊजी, पंप लावला की शॉकमधली हवा आधी पंपाच्या नळीत शिरते! तेवढी कमी होते. काढताना फुस्स होतं ना, ती नळीतली हवा. तिने भरलेली, तिथून निघून जाते. एखाद्या वेळी मोजलं तर काही नाही, पण तुम्ही रोज... आणि इथे ती थांबली. हसणंही थांबलं. पट्टीवरच्या १४० कडे पाहिलं, फटीतल्या कागदांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही.

मी म्हणालो, पण मोजल्याशिवाय कळणार कसं?

तिने शॉकवरचं साबणाचं पाणी पुसलं. मग म्हणाली, तुम्हाला तीच हवा ठेवायची होती. मी म्हटलं, चहा घेणार का.

चहा घेतला तिने. पंप हातात घेऊन म्हणाली, भरून देऊ? वजन किती? म्हटलं, सत्तावन्न. म्हणाली, भाऊजी, तुमचं. म्हटलं, शहाऐंशी. म्हणाली, मग दोनशेदहा. मी म्हटलं, राहू दे, मी बघतो.

निघताना म्हणाली, उद्या सायकल नसली तरी या. नुसते उभे राहा गच्चीखाली. ती वरून उडी मारायच्या आधी दर वेळी ओरडायची, ऐकलंय कधी तुम्ही? म्हटलं, नाही. काय ओरडायची? ती म्हणाली, काही नाही, नुसतं ओरडायची. घरी इतकी शांत राहते की कुठेतरी ओरडावं लागतं, असं म्हणायची.

हे मला माहीत नव्हतं. घरात शांत मी असतो, असं मला वाटत होतं.

उद्या नक्की जाणार. सकाळी लवकर उठून निघायचं. डबा नको, तिथे काहीतरी मिळेल.

१९ जानेवारी
गेलो नाही. घोटा.

नाही. घोटा बरा आहे. दारापर्यंत गेलो होतो. बूट घातले होते. सायकलसाठी दार उघडायचं म्हणजे फार उघडावं लागतं, असं वाटलं आणि परत आलो.

बूट घालूनच फरशीवर मांडी घातली. ही बसायची त्याच जागी. मातीचे कण बोटाला लागले. तिकडे आता सगळे रांगेत उभे असतील. दातवालीने मोबाईलवर एक उडी पाठवली, कोणाची ते हेल्मेटमुळे ओळखता येत नाही. उडी मारणारा ओरडतो. आवाज बारीक करून दोनदा पाहिली. मग मोठा करून एकदा.

काल तिने सांगितलं त्यावर विचार केला. मोजताना फुस्स व्हायचं ते इथेच, या हॉलमध्ये. खिडक्या नोव्हेंबरपासून बंद. फटींत कागद. दार मी येण्याजाण्यापुरतंच. म्हणजे जी गेली ती बाहेर कुठे गेली? काही ताईबरोबर गेली असणार, तिने खिडकी दोनदा उघडली. काही काल दातवालीबरोबर. तेवढी वजा करायची. उरलेली इथेच असली पाहिजे. खात्यात हा हिशोब कोणी मान्य करणार नाही. मीही दुसऱ्याचा केला नसता.

पण पंप हवा घेतो ती खोलीतलीच घेतो.

खिडक्यांकडे एकदा बघून घेतलं. व्हॉल्व्हची टोपी काढली, पंपाची नळी फिरवून बसवली आणि भरायला लागलो. पंप लहान आहे, जोर फार लागतो. हात भरून आले. ही हे सहज करायची. सायकल मागून हळूहळू उठली. सीट वर येत चार बोटांवर आलं, मग फक्त बोटभर खाली उरलं, मग पेन्सिलच्या खुणेच्या वर गेलं. १४० ला थांबलो. श्वास घेतला, अर्थात तोही इथलाच.

मग पुढे भरत राहिलो. दोनशेदहापर्यंत. १४० पर्यंत हिची, त्याच्या पुढची माझी.

पंप काढला. फुस्स झालं. बरोबर भरली गेली का ते बघायला हात आपोआप परत नळीकडे गेला. पंप बॅगेत ठेवून चेन लावली.

भिंतीला हात धरून सीटवर चढलो. सायकल थोडी खाली गेली आणि थांबली. तसाच बसून राहिलो. समोर स्विचबोर्ड, बाजूला माझी खुर्ची. आलो म्हणायला गेलो तर शब्द नीट आला नाही, तोंडात काहीतरी होतं. टोपी. भरताना कधी दातांत धरली ते कळलंच नाही.

उतरलो, ती पुसली आणि फिरवून जागेवर लावली.